विसरलेला पासवर्ड परत पाठवणारी संकेतस्थळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'पासवर्ड विसरलात?' यावर टिचकी मारल्यानंतर नवा पासवर्ड ठरवण्याची सोय देण्याऐवजी जे संकेतस्थळ आपला जुनाच पासवर्ड ईमेलने किंवा एसएमएसने पाठवते, त्याने तो वाचता येईल अशा रूपात साठवून ठेवलेला असतो. यंदा प्रवेशाच्या धावपळीत माझ्या पुतणीला एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळाने तिचा पासवर्ड असाच जसाच्या तसा कळवला. घरच्यांना ती सोय वाटली. मी वेब ॲप्लिकेशन तयार करण्याच्या व्यवसायात असल्यामुळे मला ती मोठी हलगर्जी वाटते. शाळा, पतसंस्था, रुग्णालये आणि गृहनिर्माण संस्था यांच्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या पदाधिकाऱ्यांपर्यंत हा विषय पोहोचावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पासवर्ड तपासण्यासाठी तो स्वतःजवळ बाळगण्याची गरज नसते. नोंदणीच्या वेळी त्याच्यावर हॅश नावाची गणिती प्रक्रिया करून तिचे उत्तर तेवढे डेटाबेसमध्ये ठेवायचे आणि पुढे प्रत्येक वेळी टाइप केलेल्या पासवर्डवर तीच प्रक्रिया करून दोन्ही उत्तरे जुळतात का, ते पाहायचे, एवढेच करायचे असते. दळलेल्या पिठातून जोंधळे परत मिळत नाहीत, तसा हॅशवरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या संगणक प्रणालीतील या पद्धतीचे वर्णन १९७९ मध्येच प्रसिद्ध केले होते. प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगवेगळा यादृच्छिक अंश, म्हणजे सॉल्ट, आणि प्रक्रिया मुद्दाम संथ ठेवण्याची आवश्यकता, या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. तरीही तीस वर्षांनी, २००९ मध्ये, रॉकयू या कंपनीकडून चोरीला गेलेले सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड साध्या मजकुराच्या रूपात निघाले.

मात्र नुसते 'आम्ही हॅश करतो' हे उत्तरही पुरेसे मानू नये. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, तेव्हा ते एसएचए-१ या पद्धतीने आणि सॉल्टशिवाय केलेले असल्याचे दिसले. त्याच चोरीतील ११ कोटींहून अधिक ईमेल आणि पासवर्ड-हॅशच्या जोड्या २०१६ मध्ये विक्रीला आल्या. चोर हॅश उलगडत बसत नाही. तो संभाव्य पासवर्डांची यादी घेतो, त्या प्रत्येकाचा हॅश काढतो आणि चोरलेल्या हॅशांशी ताडून पाहतो. सॉल्ट नसेल, तर '१२३४५६' ठेवणाऱ्या सर्व लोकांचा हॅश एकसारखाच येतो आणि एका आकडेमोडीत ते सगळे एकदम सापडतात. त्यातच एमडी५ आणि एसएचए-१ या प्रक्रिया वेगासाठी रचलेल्या आहेत. एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला असे अब्जावधी अंदाज तपासू शकते.

म्हणून पासवर्डसाठी मुद्दाम संथ केलेल्या पद्धती वापराव्या लागतात. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या बीक्रिप्टमध्ये खर्चाचा आकडा, म्हणजे प्रक्रिया किती जड ठेवायची ते ठरवणारा आकडा, एकाने वाढवला की आकडेमोड दुप्पट होते. यंत्रे वेगवान होत गेली, तरी त्यामुळे चोराचे काम तितकेच अवघड ठेवता येते. २०१५ मध्ये पासवर्ड-हॅशिंगच्या खुल्या स्पर्धेत निवडली गेलेली आर्गॉन२ पद्धत वेळेबरोबर मेमरीही भरपूर खाते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांचा फायदा कमी होतो. यांपैकी काहीही विकत घ्यावे लागत नाही. लहान संस्थांची पुष्कळ सॉफ्टवेअर ज्या पीएचपी भाषेत लिहिलेली असतात, तिच्यात सॉल्ट स्वतःच तयार करणारे फंक्शन २०१३ पासून उपलब्ध आहे.

'पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले आहेत' असे काही पुरवठादार सांगतात. एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेली, गोष्ट किल्ली असली की उघडते आणि ती किल्ली बहुधा त्याच सर्व्हरवर असते. २०१३ मध्ये ॲडोबीकडून गेलेले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेलेच होते. पण समान पासवर्डांची रूपे समान दिसत होती आणि शेजारी वापरकर्त्यांनी लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या होत्या, त्यामुळे किल्ली न मिळताही कित्येक पासवर्ड ओळखता आले.

'आमचा डेटा जुना आहे, आता बदलता येणार नाही' ही सबबही टिकत नाही. साठवलेल्या एमडी५ हॅशांवर आजच बीक्रिप्टचा थर चढवता येतो आणि सभासद पुढच्या वेळी लॉगिन करेल, तेव्हा त्याची नोंद थेट नव्या पद्धतीत आणता येते. त्यासाठी कोणालाही पासवर्ड बदलायला सांगावे लागत नाही. मात्र त्याचबरोबर सर्व्हरच्या लॉग फाइल, म्हणजे कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, याही तपासायला हव्यात, कारण २०१८ मध्ये ट्विटरने हॅश होण्याआधीचे पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये लिहिले गेल्याचे जाहीर करून ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता.

मराठीत पासवर्ड ठेवू देणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतावलीत, दोन प्रकारे लिहिला जातो. पडद्यावर तो सारखाच दिसतो, पण हॅश वेगळा येतो आणि फोनवर चालणारा पासवर्ड कार्यालयातील संगणकावर नाकारला जातो. त्यामुळे हॅश करण्यापूर्वी मजकूर एका ठरावीक रूपात आणणे आवश्यक आहे. शिवाय बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच विचारात घेते आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, ३ बाइटचे असते. म्हणजे २४ चिन्हांपुढचा भाग वायाच जातो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या यादीत पासवर्डचा स्पष्ट समावेश केला आहे, तर वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा संस्थांनी सॉफ्टवेअरच्या निविदेत आणि करारात पासवर्ड साठवण्याची पद्धत नावानिशी लिहून घ्यावी आणि देयक मंजूर करण्यापूर्वी पुरवठादाराला चाचणी खात्याची डेटाबेसमधील नोंद उघडून दाखवायला सांगावी. सहकार आणि शिक्षण विभागांनी आपल्या अखत्यारीतील संस्थांना तसे परिपत्रक काढून कळवावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक संगणक अभियंता, पुणे