पिस्तुलाने हरीण: लेखात राहून गेलेला हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या पिस्तूल-शिकारीवरचा लेख वाचला. रायफलने लांबून हरीण टिपण्यापेक्षा हातात पिस्तूल घेऊन पन्नास मीटरच्या आत जाणं जास्त मर्दुमकीचं, शिवाय त्यात हरणालाही संधी मिळते, असा त्याचा सूर. मी मुलांना पिस्तूल नेमबाजी शिकवते. लेख माझ्याआधी माझ्या विद्यार्थ्यांनी वाचला होता. त्यातल्या एकाने रेंजवर सरळ विचारलं, "मॅडम, इथून हरीण पडेल?" त्याला फळ्यावर जो हिशेब मांडून दाखवला, तोच इथे देते.

आमच्या 25 मीटरच्या टार्गेटवरचा काळा गोल 20 सेंटिमीटरचा असतो. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची हृदय-फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच. तिकडचे जुने शिकारी नवख्यांना कागदी थाळी टांगून सांगतात, की ज्या अंतरावरून सगळ्या गोळ्या थाळीत बसतील, तेवढंच तुझं अंतर. नऊ आत आणि एक बाहेर गेली, तर पुढे सरक.

आता पिस्तूल बघा. आमच्या स्पर्धेच्या नियमांत मागच्या आणि पुढच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर जास्तीत जास्त 22 सेंटिमीटर चालतं. हिशेबाला 20 धरा. पुढची साइट एक मिलिमीटर हलली, तर गोळी 25 मीटरवर साडेबारा सेंटिमीटर सरकते आणि 50 मीटरवर पंचवीस. म्हणजे छातीवर धरलेला नेम पोटावर जातो. साठ सेंटिमीटर अंतराच्या साइट असलेल्या रायफलची तेवढीच चूक 50 मीटरवर आठ सेंटिमीटरवर थांबते, आणि रायफलला खांद्याचा आधार असतो तो वेगळाच. एक मिलिमीटर म्हणजे फार काही नाही, चाप थोडा घाईने ओढला की झालं. माझी मुलं सपाट जमिनीवर, उजेडात, कोणी पळत नसताना उभी राहतात, तरी हे रोज होतं. चढ चढून आलेल्या, छाती धडधडणाऱ्या माणसाचं काय होत असेल?

पोटात गोळी लागलेलं हरीण जागेवर पडत नाही. ते पळतं, झुडपात शिरतं आणि मरायला काही तास घेतं. आपल्या लेखकाने ज्याला संधी म्हटलं आहे, ती ही.

तिकडच्या जाणत्या शिकाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही. ते .44 मॅग्नमसारखं दणकट काडतूस वापरतात. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या .32 रिव्हॉल्व्हरच्या सहा-सात पट जोर त्यात असतो. कोणी दुर्बीण बसवतात. कोणी 1967 मध्ये आलेलं काँटेंडरसारखं एकाच गोळीचं, रायफलचं काडतूस चालणारं पिस्तूल घेतात. आणि नेम मनासारखा बसला नाही, तर न झाडता परत येतात. खरं कसब तेच, आणि लेखात त्यावर एक ओळही नाही. परवाना, ठरलेला हंगाम, दर हरणासाठी एक टॅग (शिकारीची नोंद करणारी चिठ्ठी) हे सगळं त्यांच्याकडे आहे. 1970 पासून तिथे हँडगनवरच्या दहा टक्के कराचा पैसाही वन्यजीवांच्या कामाकडे वळवला जातो. हेही आलं असतं, तर लेख पुरा झाला असता.

पण आपला वाचक टेक्सासात राहत नाही. तो शनिवारी गाडी काढून दीड-दोन तासांत बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या माळावर पोचतो. तिथे चिंकाऱ्यांसाठी 1997 मध्ये जाहीर झालेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा वीस-पंचवीस किलोचा, त्याच्या छातीवर थाळी कुठली, बशीसुद्धा मोठी पडेल. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं, दोन्ही त्यात येतं. चिंकारा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, त्यामुळे शिक्षा किमान तीन वर्षांची, सात वर्षांपर्यंत. स्वसंरक्षणासाठी मिळालेला रिव्हॉल्व्हरचा परवाना इथे कामाला येत नाही.

मला काळजी रिव्हॉल्व्हरवाल्यांची कमी, छऱ्याच्या पिस्तुलाची जास्त. 4.5 मिलिमीटर छऱ्याच्या, 20 ज्यूलपर्यंत जोराच्या अशा एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, म्हणून लोक ते खेळणं समजतात. त्याने हरीण मरणार नाही, डोळा मात्र जाऊ शकतो, आणि कायद्याने तीही शिकारच. असले लेख वाचून एखाद्या हौशी माणसाने तसं केलं, तर बोट दाखवलं जाईल ते आमच्या खेळाकडे. (सोसायटीत मी अजून 'बंदूकवाल्या काकू'च आहे, त्याचं काही नाही. पण मुलांच्या आईवडिलांना उत्तरं मला द्यावी लागतात.)

तेव्हा विनंती एवढीच, की पुढचा भाग छापणार असाल तर त्याच पानावर आपल्याकडचा कायदा चौकटीत द्या, आणि माळावर कोणी छऱ्याचं पिस्तूल काढताना दिसलं तर कळवायला वनखात्याचा 1926 हा क्रमांकही.

आपली,
एक पिस्तूल प्रशिक्षक, कोथरूड, पुणे