बाबा, "त्यात पुढे काय?" याचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "सीरियलचं चांगलं काम सोडून डॉक्युमेंटरीच्या मागे लागलीस, त्यात पुढे काय?" फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

सीरियलमध्ये सीन लिहून आलेला असतो. एडिटरने तो जुळवायचा आणि एपिसोड वेळेत चॅनेलला पोचवायचा. डॉक्युमेंटरीत तशी स्क्रिप्ट नसतेच. वर्ष-दोन वर्षं शूट करून दिग्दर्शक रशेसचा, म्हणजे न कापलेल्या कच्च्या फुटेजचा, ढीग आणून ठेवतो आणि त्यातून तासाभराची फिल्म आमच्या टेबलावर घडते. कोण आधी बोलेल, कुणाचं म्हणणं नंतर येईल, कुठे थांबायचं, सगळं तिथे ठरतं. मला हे काम लिहिण्याच्या फार जवळचं वाटतं, आणि त्यातच माझा जीव रमतो.

आई, सध्याच्या फिल्ममधलं सांगते. यवतमाळकडच्या एक बाई आहेत. नवरा गेल्यापासून शेती त्याच बघतात. कर्ज किती राहिलं, असं विचारल्यावर त्या बोलतच नाहीत. पदराला चिकटलेला कापूस काढत राहतात आणि बऱ्याच वेळाने म्हणतात, "यंदा तूर बरी हाय." दिग्दर्शकाला मधली शांतता कापून थेट उत्तरावर जायचं होतं. मी दोन्ही कट लावून दाखवले. कापलेल्यात त्या नुसती माहिती देत होत्या. न कापलेल्यात आपण त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतो. शॉट अख्खा राहिला. त्यांच्या बकऱ्यांचा आवाज मी आधीच्या दृश्याच्या शेपटीलाच सुरू केला, म्हणजे चित्र बदलायच्या आत आपले कान त्या अंगणात पोचतात.

आता पोटापाण्याचं. सुरुवात असिस्टंट म्हणून होते: फुटेजच्या दोन-दोन ठिकाणी कॉप्या ठेवणं, आवाज आणि चित्र सिंक करणं, मुलाखती उतरवून काढणं. मग असोसिएट, मग स्वतःच्या नावावर फिल्म. काम फक्त फेस्टिव्हलच्या फिल्म्सचं नसतं. ओटीटीच्या मालिका, वन्यजीवांवरच्या फिल्म्स, सामाजिक संस्था, म्युझियम, कंपन्यांचे सीएसआर, म्हणजे समाजकार्याचे, विभाग, सगळ्यांना एडिटर लागतो. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेत आणि कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत एडिटिंगचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, राष्ट्रीय पुरस्कारांच्या नॉन-फीचर विभागात एडिटिंगला वेगळा पुरस्कार आहे. तुम्ही थिएटरात सिनेमाआधी जे माहितीपट बघायचात ना बाबा, ते बनवणारी फिल्म्स डिव्हिजन १९४८ ची. २०२२ मध्ये ती एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्या चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. आणि २०२३ चं ऑस्कर मिळवणारी ती हत्तींची फिल्म, 'द एलिफंट व्हिस्परर्स', डॉक्युमेंटरीच होती.

पैशाचं खोटं सांगणार नाही. महिन्याचा पगार नाही, पेन्शन तर नाहीच. करार होतो आणि हप्त्यांत पैसे येतात: थोडे सुरुवातीला, थोडे रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, झाल्यावर, उरलेले पिक्चर लॉकला, म्हणजे चित्राचं एडिट पक्कं झाल्यावर. गेल्या वर्षी एका निर्मात्याने शेवटचा हप्ता महिनोन्‌महिने लटकवला होता. तेव्हापासून शेवटचा हप्ता हातात आल्याशिवाय मी फायनल फाइल देत नाही. दोन फिल्म्सच्या मधल्या काळात कंपन्यांच्या छोट्या फिल्म्स करते, त्यावर घरभाडं निघतं. सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला आहे, त्याची काळजी नको.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. मला नागपूरला यायचंय.

ताडोबा, पेंचला शूट करायला बाहेरच्या टीम नागपुरातच उतरतात आणि फुटेज मुंबई-दिल्लीला घेऊन जातात. कापूस, संत्री, कोळसा, दीक्षाभूमी, यांवर काम करणाऱ्यांना वऱ्हाडी बोली ऐकून चटकन समजणारा एडिटर मिळत नाही. या फिल्मवर मला घेतलं ते त्याचसाठी. मुंबईतच राहायला हवं असंही आता उरलं नाही. मूळ फुटेजच्या हलक्या कॉप्या, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, त्या हार्ड डिस्कवर आणायच्या, त्यांवर एडिट करायचं आणि शेवटी ते मूळ फुटेजला जोडायचं. दिग्दर्शक व्हिडिओ कॉलवर कट बघतो. साउंड मिक्स आणि कलरसाठी, म्हणजे आवाज आणि रंग शेवटचे नीट करायला, मुंबईला जावं लागेल, त्याला विदर्भ एक्सप्रेस आहेच.

बाबा, वरची खोली मला द्याल का? तिथे कुलर चालायचा नाही, दमट हवेने मशीन खराब होतात. एसी लागेल, त्याचा आणि यूपीएसचा खर्च माझा. आपल्या मीटरवर तेवढा लोड बसतो का, हे इलेक्ट्रिशियनला बोलावून बघून घ्याल का? आई, खोलीतली ती जुनी कपाटं काढायची की ठेवायची, हे तू ठरव. मी दिवाळीच्या आधी येतेय, तेव्हा सामानाचं बघू.

तुमची,
लेक