लूपच्या आत लूप शिकवणाऱ्या आमच्या मॅडमना

नमस्कार मॅडम,

हे पत्र फक्त तुम्हाला पाठवता आलं असतं. तरी सगळ्यांसमोर लिहितेय, कारण यंदा पहिल्या वर्षाला जी मुलं प्रोग्रॅमिंग शिकायला बसलीत त्यांना तुमची पद्धत कळावी असं मला मनापासून वाटतं. नोकरीत रोज कोड लिहिते, दुसऱ्यांचा वाचते, आणि तुमच्या लॅबमध्ये लागलेल्या सवयींचा उपयोग झाला नाही असा आठवडा जात नाही. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते.

लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं, आणि नेस्टेड लूप म्हणजे एका लूपच्या आत दुसरा. नेस्टेड लूप म्हटलं की लॅबच्या जर्नलमध्ये चांदण्यांचे त्रिकोण काढायचे, अशीच बहुतेकांची सुरुवात होते. सरळ त्रिकोण, उलटा त्रिकोण, पिरॅमिड, मग हिरा. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं ते पाठ करतात आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, कुणी विचारलं की आतला लूप किती वेळा फिरला, तर गप्प बसतात. तुम्ही चांदण्या काढू दिल्या, पण नंतर. आधी फळ्यावर आमच्याच वर्गाचा निकाल लावलात. 60 मुलं, प्रत्येकाचे 5 विषय, प्रत्येकाची बेरीज हवी. मशीनला हात लावायचा नाही, आधी मराठीत लिहा म्हणालात. फळ्यावर हे उतरलं:

प्रत्येक विद्यार्थ्यासाठी:
    बेरीज = 0
    प्रत्येक विषयासाठी:
        त्या विषयाचे गुण बेरजेत मिळव
    बेरीज छाप

माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना तेव्हा केवढा धीर आला, ते तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. तोवर आम्हाला वाटायचं, हे सगळं इंग्रजीत विचार करणाऱ्यांचं काम. फळ्यावरच्या त्या पाच ओळी वाचता येत होत्या, म्हणजे प्रोग्रॅमही वाचता येणार होता.

मग तुम्ही मुद्दाम ‘बेरीज = 0’ ही ओळ पुसून सगळ्यात वर, पहिल्या लूपच्याही बाहेर लिहिलीत आणि म्हणालात, आता चालवा, वहीत. पहिल्या मुलाचे गुण 71, 58, 64, 49, 70. बेरीज 312, बरोबर. दुसऱ्याची यायला हवी होती 287, पण वहीत आली 599, तीही 500 पैकी! वर्ग हसला. तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाही. प्रत्येकाला सांगायला लावलंत की ती ओळ आतल्या लूपच्याही आत टाकली तर काय होईल. शेवटच्या विषयाचे 70 तेवढे उरतील. ओळ तीच, जागा तीन, उत्तरं तीन. प्रत्येक गोष्ट कोणत्या लूपची आहे हे ठरवल्याशिवाय ती लिहायची नाही, हे तिथून पक्कं झालं. आजही कुणाचा कोड वाचताना माझी नजर आधी तिथेच जाते: हा शून्य कुठे मांडलाय?

वहीतल्या त्या चालवण्याला तुम्ही ड्राय रन म्हणायचात आणि त्याचा तक्ता सक्तीचा होता. डावीकडे बाहेरच्या लूपची किंमत, मधे आतल्याची, उजवीकडे बेरीज. 4 ओळींचा त्रिकोण घेतला की आतला लूप 1, 2, 3, 4 असा फिरतो, चांदण्या 10. दहा ओळींना 55, शंभर ओळींना 5050. हे आकडे तुम्ही आम्हाला सूत्र न सांगता तक्त्यावरून काढायला लावलेत, आणि सूत्र शेवटी आमच्याच कुणाच्या तरी तोंडून आलं. डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीने थांबवत चालवून चूक शोधायचं साधन, वापरायला शिकायला हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांनी एकदाही हाताने तक्ता भरलेला नाही, त्यांना डीबगर काय दाखवतोय तेही कळत नाही, हे मी कामावर पाहते.

लूपच्या मोजणीला अर्थाची नावं देण्याचा तुमचा आग्रह तेव्हा जाचक वाटायचा, आता त्याचंच मोल सगळ्यात जास्त वाटतं. आय आणि जे ही अक्षरं लूपला का चिकटली, तेही तुम्ही सांगितलं होतं. गणितात ती पूर्वीपासून होतीच, आणि 1957 मध्ये आयबीएमने आणलेल्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेमध्ये आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं आपोआप पूर्णांक धरली जायची. त्यामुळे ती वापरणं चूक आहे असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तीन ओळींच्या एकेरी लूपला आय चालतो. एकात एक दोन लूप आले आणि त्यांना खरा अर्थ असला, की विद्यार्थी आणि विषय अशी नावं द्यायची.

त्यामागचं कारण तुम्ही एका छोट्या तक्त्यावर दाखवलंत. 5 मुलं, 5 विषय. आय आणि जे यांची अदलाबदल झाली तरी प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो, कारण तक्ता चौरस आहे. एकही एरर येत नाही, फक्त मुलाच्या बेरजेच्या जागी विषयाची बेरीज छापली जाते. कागदावर ‘गुण[जे][आय]’ दिसलं तर कुणालाच खटकत नाही. ‘गुण[विषय][विद्यार्थी]’ दिसलं, की वाचणारा तिथल्या तिथे थांबतो. कोड स्वच्छ ठेवण्याबद्दल मी पुढे पुष्कळ ऐकलं, पण मला अजून याच्याहून चांगला पुरावा सापडलेला नाही.

इंडेंटेशनबद्दल, म्हणजे लूपच्या आतल्या ओळी थोड्या आत सरकवून लिहिण्याबद्दल, थोडक्यात. पायथॉनच्या ‘पेप 8’ या 2001 सालच्या लेखननियमांत चार स्पेस सांगितल्या आहेत, आणि पायथॉनमध्ये तर ओळ आत सरकवली नाही तर लूपचा अर्थच बदलतो. पण तुम्ही सी शिकवतानाही तेवढीच शिस्त ठेवलीत, एका ओळीच्या लूपलाही महिरपी कंस घालायला लावलेत. जर्नल परत यायचं ते बहुधा याच कारणासाठी. बरं झालं यायचं.

आणि तो 60 मुलांचा दुसरा प्रश्न. कुणाचा रोल नंबर दोनदा पडलाय का, ते शोधा. आम्ही सरळ लूपमध्ये लूप लावला, प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडलं: 3600 तुलना. तुम्ही विचारलंत, स्वतःला स्वतःशी कशाला ताडता? आणि पहिल्याला दुसऱ्याशी ताडल्यावर दुसऱ्याला परत पहिल्याशी कशाला? आतला लूप पुढच्या मुलापासून सुरू केला, तुलना 1770 वर आल्या. आम्ही खूश. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, आता 60 च्या जागी 60 हजार धरा. जवळजवळ 180 कोटी! मग सेट दाखवलात, म्हणजे एखादी गोष्ट आत आहे का ते सगळं न चाळता सांगणारा साठा: आलेला प्रत्येक नंबर त्यात टाकत जायचा आणि टाकण्याआधी तो तिथे आहे का विचारायचं. एकच लूप, 60 हजार फेऱ्या.

हे फक्त वर्गातलं उदाहरण नव्हतं, ते मला पुढे जीटीए ऑनलाइन या गेमची हकिगत वाचताना कळलं. तो गेम सुरू व्हायला कित्येकांना मिनिटंच्या मिनिटं लागायची. 2021 मध्ये एका खेळाडूने स्वतः खोलात जाऊन कारण शोधलं. सुरुवातीला सुमारे 10 मेगाबाइटची एक यादी वाचली जात होती, आणि तिच्यातल्या साधारण 63 हजार वस्तूंपैकी प्रत्येक नवी वस्तू आधीच्या सगळ्या वस्तूंशी ताडली जात होती. म्हणजे सुमारे 198 कोटी तुलना, हुबेहूब तुमचा रोल नंबरचा प्रश्न. शिवाय यादीतला एकेक तुकडा वाचताना उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी दर वेळी पुन्हा मोजली जात होती. तो आतला लूप तर कोडमध्ये दिसतही नव्हता, लायब्ररीच्या, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कोडच्या, एका फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यात) दडलेला होता. दोन्ही दुरुस्त केल्यावर त्याच्या मशीनवरचा वेळ सुमारे 70 टक्क्यांनी घटला. कंपनीने ते मान्य करून गेममध्ये सुधारणा केली आणि त्याला 10 हजार डॉलरचं बक्षीसही दिलं. ‘फंक्शन बोलावताना त्याच्या पोटात लूप आहे का ते विचारा,’ हे तुमचं वाक्य मी ते वाचताना मोठ्यांदा म्हटलं.

तरीही नेस्टेड लूपला घाबरायचं नाही, हेही तुमच्याकडूनच शिकले. 1920 बाय 1080 च्या चित्राचा रंग फिका करायचा तर 20 लाख 73 हजार 600 ठिपक्यांपाशी जावंच लागतं. तिथे ओळ आणि रकाना असे दोन लूप हेच सरळ उत्तर. काम खरोखर तेवढं आहे का, की आपण ते उगाच वाढवलंय, एवढं बघायचं. माझ्या मते नवख्यांना बिग ओ, म्हणजे माहिती वाढली की काम किती पटीने वाढतं ते मांडायची पद्धत, शिकवण्याआधी हा प्रश्न विचारायची सवय लावावी.

एक सवय लागायला मला वेळ लागला, पण आता ती सुटत नाही. आतला लूप मोठा झाला की त्याला बाहेर काढून, नाव देऊन फंक्शन करणं. ब्रेक लिहिला की फक्त आतला लूप थांबतो, बाहेरचा चालूच राहतो, मग तो थांबवायला मुलं फ्लॅग, म्हणजे ‘सापडलं की नाही’ याची खूण, लावत बसतात. तुम्ही म्हणायचात, ‘नापास विषय शोध’ असं एक फंक्शन करा, सापडला की रिटर्न, म्हणजे उत्तर घेऊन तिथूनच बाहेर. बाहेरचा लूप वाचताना एक वाक्य उरतं. गेल्या महिन्यात आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाला मी हेच दाखवलं. चार पातळ्या खोल गेलेला त्याचा कोड दोनवर आला, आणि पुढचं फंक्शन त्याने न सांगता स्वतःच वेगळं काढलं.

मॅडम, एक विनंती आहे. तुम्ही हाताने लिहून झेरॉक्स काढून वाटायचात ती सरावाची पानं माझ्याकडे अजून आहेत. निकालाचा तक्ता, रोल नंबर, पाढ्यांचा तक्ता, चौरस आणि आयत मॅट्रिक्स, सगळी. शाई फिकी होत चाललीय. ती टाइप करून, तुमच्या नावासह किंवा तुम्हाला नको असेल तर नावाशिवाय, सगळ्यांना मोफत वाचायला ठेवू का? उत्तरं देणार नाही, तुम्हीही देत नव्हता. तुमचा होकार आला की कामाला लागते, आणि तपासायला पहिली प्रत तुमच्याकडेच पाठवते.

तुमची विद्यार्थिनी
(लॅबमध्ये खिडकीपाशी बसायची ती)