अव्या, दुपारी दोनच्या आधी छपराखाली

प्रिय अव्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, हे माझं चुकलंच. तू रागावून खुशालीचं एक अक्षर न लिहिता नुसता सहलीचा तक्ता पाठवलास, तेही बरोबरच केलंस. पण तो तक्ता वाचल्यापासून मला चैन नाही. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच बोलायला लागतोस. म्हणून लिहितोय. तब्येत ठीक आहे, गोळ्या चालू आहेत.

जुलैचा दुसरा आठवडा, फ्लोरिडातलं ऑर्लँडो, डिस्ने आणि युनिव्हर्सलची थीम पार्कं, सोबत काकू, वहिनी आणि दोन्ही पोरं. बहुतेक दिवस अकराला पार्कात शिरायचं, दुपारी मोकळ्यावरच्या राइड्स, संध्याकाळी सहाला हॉटेलवर. अव्या, हे बरोबर उलटं आहे. वर तक्त्याच्या शेवटी लिहिलंयस, ‘पावसाचं काय सांगतोस, कोकणात वाढलोय.’ पावसाची काळजी मलाही नाही. मला काळजी विजेची आहे.

कोकणातला जुलै डोळ्यांसमोर आणूच नकोस. तो दिवस-दिवस पडतो, पण त्यात कडकडाट कमी. फ्लोरिडातला उन्हाळी पाऊस म्हणजे वळीव. तुझ्या आजोळी मे महिन्यात यायचा तोच: सकाळी रखरखीत ऊन, दुपारी ढग माजतात, वारा सुटतो, विजा पडतात आणि तासाभरात आभाळ लख्ख. फरक इतकाच की तिथे तो जून ते सप्टेंबर जवळजवळ रोज येतो. कारण सोपं आहे. फ्लोरिडा म्हणजे दोन समुद्रांमधली जमिनीची पट्टी. दुपारपर्यंत जमीन तापते, मग पश्चिमेच्या आखाताकडून आणि पूर्वेच्या अटलांटिककडून खारे वारे आत शिरतात. ते मधल्या भागात एकमेकांवर आदळले की दमट हवा सरळ वर चढते. आणि ऑर्लँडो आहे बरोबर त्या मधल्या भागात. त्या दिवशी वारा एकूण पूर्वेकडून असेल तर ढग लवकर जमतात आणि पश्चिमेला सरकतात. पश्चिमेकडून असेल तर ऑर्लँडोवर ते उशिरा, चार-पाचच्या सुमाराला येतात आणि बहुधा जास्त जोरात. म्हणून सकाळी वारा कुठून आहे ते बघ. हवामान ॲपमधला ‘६० टक्के पाऊस’ बघून काही कळणार नाही, तो रोजच दिसेल. बाराला रडार उघड आणि दर वीस मिनिटांनी बघत राहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचं त्या भागाचं कार्यालय मेलबर्नला आहे (फ्लोरिडातलं मेलबर्न, लगेच ऑस्ट्रेलियाला फोन लावू नकोस). त्यांचा सकाळचा अंदाज साध्या भाषेत असतो, तो वहिनींना वाचायला दे. तू वाचणार नाहीस.

आता तुझा रबरी चपलेचा सिद्धान्त: पायात रबर असलं की वीज काही करत नाही. राजमाचीच्या वाटेवर यावरून आपण दोन दिवस अबोला धरला होता, आणि मी अजून मागे हटलेलो नाही. जी वीज कित्येक किलोमीटर हवा फोडून खाली येते, तिला तुझ्या चपलेचा एक सेंटिमीटर रबर काय अडवणार? गाडीत माणूस वाचतो तो टायरमुळे नाही. वरचं पत्र्याचं कवच वीज बाहेरच्या बाहेर जमिनीकडे नेतं, म्हणून वाचतो. त्यामुळे झाड, छत्री लावलेलं टेबल, चहूबाजूंनी उघडा मंडप यातलं काहीही आसरा नाही. आसरा म्हणजे चार भिंतींची, वायरिंग आणि नळ असलेली इमारत: दुकान, रेस्टॉरंट, नाट्यगृह. रांगेत लोखंडी कठड्याला टेकून उभं राहायची तुझी सवय तेवढा वेळ सोड.

अंतर मोजायचं असेल तर लख्ख दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोज आणि तीनने भाग, की किलोमीटर आले. पण खरं तर मोजायची गरजच नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण टप्प्यात आहोत. मुख्य ढगापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, डोक्यावर निळं आभाळ असतानाही वीज पडू शकते. म्हणून शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं आतच थांबायचं. मध्ये पुन्हा गडगडलं की घड्याळ शून्यावर.

पार्कवाले याच हिशेबाने चालतात, आणि तुझा तक्ता कोसळतो तो इथेच. नुसत्या रिमझिमीत बऱ्याच राइड्स चालू असतात, पण वीज जवळ आली की मोकळ्यावरच्या एकामागून एक बंद होतात. वादळ गेल्यावरही लगेच सुरू होत नाहीत. आधी वाट बघायची, मग रिकाम्या गाड्या फिरवून तपासायच्या, मग माणसं. चाळीस मिनिटांच्या पावसात दीड-दोन तास सहज जातात.

तर तक्ता असा फिरव. पार्क उघडण्याच्या अर्धा तास आधी दारात. मोकळ्यावरचं सगळं साडेबाराच्या आत. एक ते सहा छपराखाली. सहानंतर पुन्हा बाहेर. पहिल्या सरीला अर्धी गर्दी घरी पळते, त्यामुळे पावसानंतरची संध्याकाळ हा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ, आणि नेमका तोच तू हॉटेलात घालवणार होतास. पैसे देऊन डिस्नेची ती लाइटनिंग लेन, म्हणजे लांब रांग टाळायचा पास, घेशील (नावातच वीज!), तर मोकळ्यावरच्या राइड्सच्या वेळा सकाळच्या निवड, बंदिस्तांच्या दुपारच्या. तुझ्या वेळेत राइड बंद पडली तर भांडायला जाऊ नकोस. पास सहसा आपोआप बदलून नंतर किंवा दुसऱ्या राइडवर वापरता येतो, ॲपमध्ये बघ.

डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि डंबो सकाळीच उरका. दुपारी पायरेट्स, हाँटेड मॅन्शन, स्मॉल वर्ल्ड, स्पेस माउंटन. काकूंना कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस दाखव. वीस-एक मिनिटं गार हवेत बसायला मिळतं, आणि प्रेक्षकगृहच फिरत असल्याने त्यांना उठावं लागत नाही. हे १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बनवलं होतं, त्यांना आवडेल.

डिस्नेच्याच एपकॉट पार्कमध्ये वर्ल्ड शोकेस, म्हणजे तळ्याभोवतीचे अकरा देशांचे मंडप, संध्याकाळवर ठेव. फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची आणि बहुतेक उघड्यावर. दुपारी द लँड आणि द सीजच्या इमारतींत राहा. तरी तिकडे सापडलातच तर मेक्सिकोच्या पिरॅमिडमध्ये अख्खा बाजार आत आहे, आणि पार टोकाला अमेरिकेच्या मंडपात अर्ध्या तासाचा खेळ मोठ्या नाट्यगृहात असतो.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कला आहे. तू तिथे दुपारी दोनला जाणार! झाडी, पायवाटा, उघड्या ट्रकमधली सफारी, आणि छपराखालचं अगदी थोडं. जवळ विजा असल्या की सफारी थांबते. तिथे पहाटेच जा, सफारी पहिली, आणि दुपारी लायन किंगच्या खेळात बसून मग बाहेर पडा.

युनिव्हर्सलमध्ये वेलोसिकोस्टर आणि हॅग्रिडची मोटरसायकल, दोन्ही मोकळ्यावर. थोरलीला हॅग्रिडच हवी असणार, तेव्हा दिवसाची सुरुवात तिथूनच. ग्रिंगॉट्स आणि फॉरबिडन जर्नी आतल्या, त्या दुपारी. २२ मे २०२५ ला उघडलेलं युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स पार्क तू यादीत घातलंयस, पण तिथे एका ‘जगातून’, म्हणजे विभागातून, दुसऱ्यात जायला मधल्या उघड्या बागेतूनच चालावं लागतं. ढग दिसताच जिथे आहात तिथेच आत शिरा, ‘एवढं पार करू’ म्हणू नकोस. तू नक्की म्हणशील. व्होल्केनो बे हे वॉटर पार्क मात्र सकाळचंच, कारण विजेत पाण्यातून सगळ्यांना बाहेर काढतात. तिकीट काढण्याआधी पावसाचे नियम वाच.

आणखी एक चूक सगळेच करतात: पाऊस आला की परत निघतात. तेव्हा बसच्या रांगा उघड्यावर लागतात, आणि विजा असतील तर डिस्नेचा स्कायलायनर, तो हवेतला पाळणा, बंद असतो. थांबा, काहीतरी खा, मग निघा.

सामान. रेनकोट, म्हणजे पातळ पाँचो, माणशी दोन, इथूनच न्या. छत्री नको, गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. कापडी बूट नकोत, एकदा भिजले की दिवसभर वाळत नाहीत आणि फोड येतात. पट्ट्याच्या सँडल घाला, राइडवर पायातून निसटतही नाहीत. प्रत्येकाचा एक कोरडा टीशर्ट झिपच्या पिशवीत, कारण ओल्या अंगाने त्या एसीत बसलं की हुडहुडी भरते. फोनलाही तशीच पिशवी, आणि पॉवर बँक हवीच, पार्कचं ॲप बॅटरी खातं. धाकट्याची बाबागाडी राइडच्या बाहेर उभी करावी लागते, तेव्हा तिला प्लॅस्टिकचं आवरण आणि आतलं सगळं सामान काढून हातात. काकूंसाठी इलेक्ट्रिक स्कूटरपेक्षा ढकलायची व्हीलचेअर घे. स्कूटरच्या हँडलवरची बटणं भिजली की अडते. आणि दुपारपर्यंत ३३ अंशांत घामाने काकू गळून जातील, वीज नसली तरी हे ऊन आहेच. ओआरएसची पाकिटं ठेव. डिस्नेच्या काउंटरवरच्या खाण्याच्या ठिकाणी बर्फाचं पाणी फुकट मिळतं, मागायला लाजू नकोस.

वहिनींच्या बढतीचं कळलं, फार आनंद झाला. घराच्या कर्जाचं शेवटी काय ठरलं? गजाला भेटलास तर माझाही नमस्कार सांग, त्याच्यावरचा राग माझा केव्हाच गेला.

नवा तक्ता करून पाठव. ॲनिमल किंगडमचा दिवस आधी बदल, बाकीचं नंतर. आणि काकूंना सांग, गडगडलं की अव्याचं ऐकायचं नाही, सरळ समोरच्या दारातून आत जायचं.

तुझाच,
नंदू