सिनेटर शूमर, 2009 ची दुरुस्ती पुन्हा मांडा. या वेळी नरम करू नका

मा. चक शूमर,
सिनेटर, न्यूयॉर्क राज्य

सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाला पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ती इथल्या आमच्या माणसांसाठी. ती दर महिन्याला विम्याचा हप्ता भरतात, पण तो ठरतो कुठे आणि कसा, हे त्यांना कोणी सांगत नाही.

29 सप्टेंबर 2009 रोजी सिनेटच्या वित्त समितीत आरोग्य विमा सुधारणेच्या विधेयकाला तुम्ही एक दुरुस्ती मांडली होती. खासगी आरोग्य विम्याच्या शेजारी सरकारने चालवलेली एक योजनाही असावी, हवी त्याने ती घ्यावी, एवढीच मागणी होती. ती 10 विरुद्ध 13 मतांनी पडली. त्याच दिवशी वेस्ट व्हर्जिनियाच्या जे रॉकफेलर यांची दुरुस्ती 8 विरुद्ध 15 अशी पडली होती. त्यांची योजना कडक होती. पहिली दोन वर्षे डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठीच्या सरकारी विम्याला, जोडलेल्या दरानेच पैसे मिळणार होते. तुमच्या योजनेत सरकारनेही खासगी कंपन्यांप्रमाणे दरासाठी वाटाघाटी करायच्या होत्या. एवढे नमते घेऊन मते वाढली ती दोन.

त्या दोन मतांची किंमत फार मोठी होती. 7 नोव्हेंबर 2009 रोजी प्रतिनिधीगृहाने 220 विरुद्ध 215 मतांनी आपले आरोग्य विधेयक मंजूर केले, त्यातही सरकारी योजना वाटाघाटीच्या दरांचीच होती. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने हिशेब मांडला की अशा योजनेचा हप्ता सरासरी खासगी योजनेपेक्षा थोडा जास्तच निघेल. दर मेडिकेअरला बांधले असते तर दहा वर्षांत सुमारे 11,000 कोटी डॉलर वाचले असते, वाटाघाटीच्या दरांनी जेमतेम 2,500 कोटी. स्वस्त पर्याय म्हणून जी योजना मांडली, तिच्यातली स्वस्ताईच काढून टाकल्यावर तिच्यासाठी लढणार कोण? डिसेंबरात कनेक्टिकटचे सिनेटर जो लिबरमन अडून बसले, त्यांच्या मताशिवाय विधेयक पुढे जात नव्हते, आणि योजनेतले उरलेलेही गेले. पंचावन्नच्या पुढच्यांना पैसे भरून मेडिकेअर घेऊ द्यावे, हा मधला मार्गसुद्धा. 23 मार्च 2010 रोजी सही झालेल्या कायद्याने आधीपासून आजार असलेल्यांना विमा नाकारणे बंद केले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण हप्त्यांना वेसण घालणारे त्यात फारसे काही उरले नव्हते.

आमच्या मंडळाच्या हॉलवर नोव्हेंबरात आम्ही काही जणी लोकांना मार्केटप्लेसचे, म्हणजे स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्यांसाठीच्या सरकारी विमा-बाजाराचे, अर्ज भरून देतो. 2025 च्या नोव्हेंबरात एक जोडपे आले. दोघे मिळून डबे देतात, लग्नकार्याच्या ऑर्डरी घेतात. त्यांनी आदल्या वर्षीचे पत्र घडी घालून खिशात आणले होते. स्क्रीनवर नवा हप्ता दिसला तेव्हा त्यांनी घडी उघडून जुना आकडा पाहिला, पुन्हा स्क्रीनकडे पाहिले आणि बायकोला म्हणाले, "तुझाच घेऊ या. मला काय होतंय?" त्यांना मधुमेह आहे. रोज दोन वेळा गोळी लागते. बायको काही बोलली नाही, तिने फक्त ते पत्र त्यांच्या हातातून काढून घेतले.

मार्केटप्लेसच्या हप्त्यांवरचे वाढीव सरकारी अनुदान 2025 अखेर संपणार होते आणि संपले. ते टिकावे म्हणून तुमच्या डेमोक्रॅटिक पक्षाने 43 दिवसांचे शटडाउन, म्हणजे खर्चाच्या मंजुरीअभावी सरकारी कामकाज बंद राहणे, सोसले, हे मी जाणते. पण अनुदान म्हणजे महाग हप्त्याचा काही भाग सरकारने भरणे. हप्ता महाग का, याला त्याने हात लागत नाही. रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार 2022 मध्ये खासगी विम्याने हॉस्पिटलांना मेडिकेअरच्या दराच्या सरासरी 254 टक्के मोजले. दुखणे इथे आहे.

शिवाय 2025 च्या कायद्यानुसार 2027 पासून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना अनुदानही मिळणार नाही, असे ठरले आहे. आमच्यातल्या अशा एखाद्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला, नाहीतर देश सोडायला, त्याच्या हातात 60 दिवस असतात. नोकरीतला जुना विमा कोब्रा या कायद्याखाली चालू ठेवायचा तर पूर्ण हप्त्याच्या 102 टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतः भरायची, तीही पगार थांबलेला असताना. ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना, इथे नोकरी केलेली नसली तर, पासष्टी उलटूनही पाच वर्षे मेडिकेअर विकत मिळत नाही. ही सगळी माणसे कर भरणाऱ्या घरांतली आहेत.

सरकार उतरले की खासगी कंपन्या बुडतील, असे तेव्हा सांगितले गेले. तुमच्याच शहरात पाहा. बेलव्ह्यू आणि एल्महर्स्ट चालवणाऱ्या सार्वजनिक हॉस्पिटल संस्थेच्या मालकीची मेट्रोप्लस 1985 पासून विमा देते आहे, राज्याच्या मार्केटप्लेसवर खासगी योजनांच्या रांगेत उभी आहे. कोणी बुडाले नाही. मेडिकेअरमध्ये तर निम्म्याहून अधिक लोक आज अॅडव्हांटेज योजनांत, म्हणजे खासगी कंपन्यांनी चालवलेल्या मेडिकेअर योजनांत आहेत.

ग्रामीण हॉस्पिटले मेडिकेअरच्या दरात तगणार नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. अगदी लहान ग्रामीण हॉस्पिटलांना मेडिकेअर दरपत्रकाऐवजी प्रत्यक्ष खर्चाच्या 101 टक्के देते. तीच सोय नव्या योजनेत लिहा. वॉशिंग्टन राज्याचा धडाही घ्या. तिथे 2019 च्या कायद्याने राज्याच्या अशाच योजनेतल्या दरांवर मेडिकेअरच्या 160 टक्क्यांची मर्यादा घातली, पण हॉस्पिटलांचा सहभाग ऐच्छिक ठेवला. अनेक हॉस्पिटले आलीच नाहीत, आणि 2021 मध्ये सक्तीची तरतूद करावी लागली.

म्हणून माझी मागणी अशी: दर मेडिकेअरला बांधलेले, आणि जे हॉस्पिटल मेडिकेअर घेते त्याने ही योजनाही घेतलीच पाहिजे. या दोन अटींसह दुरुस्ती पुन्हा मांडा. बहुमत नसले तरी मांडा. 2009 मध्ये या प्रश्नावर पूर्ण सिनेटचे मतदान झालेच नाही, त्यामुळे कोण कुठे उभे होते याची पूर्ण नोंदच नाही. या वेळी शंभर जणांचे मत नावानिशी नोंदवून घ्या. तुमच्या पक्षातले कोण विरोधात जातात, हेही आम्हाला कळू द्या.

आपली,
क्वीन्समधील एक मतदार