इंजेक्शन घेण्याआधी वाच

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास की रेंज गेली, यावर वाद नको. पण ‘पुरुषांच्या हार्मोनमधलं तुला काय कळतंय’ हे लागलं. असल्या रिपोर्टांवर सह्या करण्यातच माझी सगळी नोकरी सरली रे. असो. रागावून लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

रिपोर्टात तू टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ते पुरुषी हार्मोन, 268 एवढंच बघितलंस आणि जिमवाल्याच्या सांगण्यावरून त्याचं इंजेक्शन घ्यायला निघालास. मी आधी वरचा कोपरा बघितला. रक्त दुपारी 4:40 ला घेतलंय. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, मग दिवसभर उतरत जातं. म्हणून रक्त सकाळी 7 ते 10 मध्ये, उपाशीपोटी द्यायचं, आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. एका आकड्यावर इंजेक्शन सुरू करत नाहीत. त्यातून आदल्या रात्री तुमची पार्टी होती, हे दादाच्या तोंडून निसटलं. त्याला काही बोलू नकोस.

दारूचा मार दोन्हीकडून बसतो. मेंदूकडून वृषणांना एलएच नावाचं संप्रेरक जातं, ते मंदावतं. आणि वृषणात टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींनाही दारू थेट बाधते. पोटाचं म्हणशील तर 60 मिली व्हिस्कीत साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल, ग्रॅमला 7 कॅलरी, म्हणजे 140. पण खरी गोम पुढे आहे. अल्कोहोल शरीराला साठवता येत नाही, म्हणून यकृत सगळं सोडून आधी तेच निपटतं. तेवढा वेळ चरबी जळणं खूप मंदावतं, आणि सोबत खाल्लेलं तळण सरळ साठ्यात जातं.

ती चरबीही गप्प बसत नाही. तिच्यातलं अ‍ॅरोमाटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचं एस्ट्रॅडिऑल, म्हणजे स्त्री-संप्रेरक, करतं, त्यावरून मेंदूला वाटतं पुरेसं आहे, की एलएच आणखी कमी. शिवाय पोट सुटून इन्सुलिन वाढलं की यकृत एसएचबीजी कमी बनवतं. हे टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन. ते घटलं की एकूण आकडा कमी दिसतो, मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक असलं तरी. म्हणून पुन्हा तपासशील तेव्हा एसएचबीजी, एलएच, आणि मेंदूकडूनच येणारी आणखी दोन संप्रेरकं, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन, हीही लिहून घे.

आणि ते इंजेक्शन. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू एलएच, एफएसएच दोन्ही थांबवतो. शुक्राणू घटत घटत शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर परत यायला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. तुम्हा दोघांचं काय ठरलंय ते विचारत नाही. विचारलंच म्हणा. रक्तही दाट होतं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, 54 टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवावं लागतं. जिमवाल्याने यातलं काही सांगितलं होतं का?

लेक्चर झालं, माहीत आहे.

उपाशी मात्र राहू नकोस. पोहण्याच्या स्पर्धेआधी जेवण सोडून जिन्यात चक्कर येऊन बसला होतास, तरी रिलेचा शेवटचा लॅप तूच ओढलास. बाबा अजून सांगतात, दरवेळी पाणी आणखी थंड होतं. पण फार कमी खाल्लं तरीही एलएच पडतं, म्हणून गरजेपेक्षा रोज 400–500 कॅलरीच कमी कर. प्रथिनं किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम. सोयाबीन खुशाल खा, त्याने टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही. 92 किलोंतले 5 ते 9 उतरले तरी आकडा वर सरकतो. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध धर, श्वास सोडून. माप उंचीच्या निम्म्याच्या आत हवं. आणि झोप! आठवडाभर पाचच तास झोपलेल्या धडधाकट तरुणांचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्के उतरलेलं दिसलं आहे. तू रात्री दोनला ऑनलाइन असतोस.

पुन्हा रक्त देईपर्यंत दारू बंद. पण रोज घेत असशील तर एकदम तोडू नकोस, हात थरथरतात, फिटही येऊ शकते. आधी डॉक्टरांना खरं प्रमाण सांग. रोज घेत नाहीस ना रे?

रिपोर्ट आला की पाठव. मला नको वाटलं तर बाबांना पाठव, ते वाचायला माझ्याकडेच आणतील. तोवर इंजेक्शन नको.

तुझी,
आई