तर्री राहू दे, तेल उतरव

नाशिक,
१८ जानेवारी

प्रिय मिल्या,

तुझे रिपोर्ट पाहिले. त्यातलं मला फार कळत नाही. गोळ्यांचं आणि पथ्याचं तू तुझ्या डॉक्टरांचंच ऐक. पण फोनवर तू जे म्हणालास, की आता उरलेलं आयुष्य ओट्सचा उपमा आणि उकडलेला दुधी, त्यावर मला बोलायचंय. आणि वहिनींनी घाबरून काळ्या मसाल्याची बरणीसुद्धा शेजारी देऊन टाकली? अरे, मसाल्याने काय घोडं मारलं होतं?

बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर आमच्याकडेही हेच झालं होतं. सगळ्या घराने एका रात्रीत फिक्कं खायला सुरुवात केली. बाबा ताटात बघायचे, दोन घास खायचे आणि उठायचे. मग दुपारी कोणाचं लक्ष नसताना डब्यातली शेव. म्हणजे पथ्यही नाही आणि जेवणही नाही. शेवटी आई वैतागून म्हणाली, "यांना यांचंच जेवण द्यायचं, फक्त नीट द्यायचं." तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी आणि आई स्वयंपाकघरात असतो. मंजू चव सांगते, आणि तिच्या "बरं आहे" या शब्दांचा अर्थ "परत करू नका" असा असतो हे तुला माहीतच आहे.

या सगळ्यातून मला एक कळलं. प्रत्येक पदार्थात एक गोष्ट अशी असते की तिला हात लावला तर पदार्थच गेला. ती सोडून बाकी सगळ्यावर घासाघीस चालते. लोक नेमकं उलटं करतात. जी वस्तू चव देते तीच आधी काढतात आणि जे नुसतं सवयीने पडत असतं ते तसंच ठेवतात.

मिसळच घे. आपल्याकडच्या मिसळीत खरी जान कशात? कांदा-खोबरं भाजल्याच्या वासात आणि काळ्या मसाल्यात. वर तरंगणारा तेलाचा थर ही फक्त शोभा. म्हणून मी कांदा तेलात परततच नाही. अख्खा कांदा सालासकट गॅसच्या जाळावर ठेवायचा, बाहेरून काळा होईपर्यंत. सुक्या खोबऱ्याची वाटीही चिमट्यात धरून जाळावर. ती जरा पेटते, पेटू दे, फुंकर मार आणि काढ. लसूण, आलं, कोथिंबिरीच्या काड्या घालून वाटायचं. हे वाटण कढईत दोन चमचे तेलावर घालून झाकण ठेवायचं आणि खाली लागायला लागलं की पाण्याचा हबका मारायचा. धीर धरलास तर खोबऱ्याचं स्वतःचं तेल सुटतं, मग वरून ओतायची गरज राहत नाही. मसाला घालून मटकी शिजवलेलं पाणी त्यातच ओत, ते मोरीत सांडू नकोस.

आता रंग. तर्री लाल दिसली नाही तर माणूस पहिल्या घासाआधीच नाराज होतो. मिरचीचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, त्यामुळे थोडं तेल लागणारच. पण थोडंच. फोडणीच्या पळीत दोन चहाचे चमचे तेल तापव, गॅस बंद कर, तेल जरा निवू दे आणि मग बेडगी मिरचीची पूड टाक. गरम गरम तेलात टाकलीस तर ती जळून काळी पडेल. हे लाल तेल अगदी शेवटी रश्श्यावर सोडायचं, ढवळायचं नाही. चार वाट्यांवर तेवढ्यातच तवंग दिसतो. बाबांना बरेच दिवस पत्ताच नव्हता.

फरसाणाचं मात्र मी जरा कडक धोरण ठेवलंय. फरसाणात तेल तर असतंच, पण तुझ्या बीपीला त्यातलं मीठ जास्त नडणार. त्याऐवजी नागलीचा, म्हणजे नाचणीचा, पापड जाळावर भाजून मिसळीवर चुरायचा. कुरकुरीतपणा हवा होता ना, तो मिळतो. पण पापडातही मीठ आणि पापडखार असतोच, तेव्हा एकच. २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं आहे. म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. लोणचं, पापड, फरसाण आणि वरून ताकात चिमूटभर, एवढ्यात चमचा कधी भरला ते कळतही नाही.

मटकीला मोड यायला सध्या फार वेळ लागतोय. निफाडचा पारा रोज पेपरात येतोय आणि आमची मटकी फडक्यात गारठून बसलीय. आई फडकं डब्यात घालून डबा तांदळाच्या कोठीत ठेवते. तुमच्याकडे पुण्यातही थंडी असेल तर तसं कर. पावाऐवजी ज्वारीची भाकरी कुस्करून बघ. सिडकोतली आमची निम्मी गल्ली खानदेशातली, त्यांना यात काही नवल वाटत नाही.

त्यावरून शेवभाजी आठवली. तुझा जीव की प्राण! रस्सा वर सांगितला तसाच कर, पण शेव शिजवू नकोस, पानात वरून चमचाभर घे. आणि खरं सांगू? आता शेवेऐवजी पाटोडीच जास्त होते. बेसन घट्ट पिठल्यासारखं शिजवायचं, ताटाला तेलाचा हात लावून थापायचं, गार झालं की वड्या कापून रश्श्यात सोडायच्या. बेसन तेच, तळण शून्य. आईच्या माहेरी अमळनेरला ही नेहमीची भाजी, मीच लहानपणी शेवेसाठी हट्ट करायचो.

उपासाचं म्हणशील तर साबुदाण्याला माझा सरळ विरोध आहे. नुसता स्टार्च. प्रथिनं जवळपास नाहीतच. खिचडीत जे काही पोषण असतं ते दाण्याच्या कुटाचं, आणि खिचडीची जानही तीच: कूट, जिरं, तुपाचा वास. मग साबुदाणा अर्धा करून त्यात काकडी आणि कूट वाढवलं तरी आई-बाबांना खिचडी खाल्ल्याचं समाधान मिळतं. भगर आणि दाण्याची आमटी तर आपल्याकडे आहेच. भगर म्हणजे काही अमृत नाही, तीही पिठूळच, तुझ्या साखरेला जपूनच खावी लागेल. पण तिच्यात थोडी प्रथिनं, थोडे तंतू तरी असतात. फक्त अख्खी भगर घे, साठवलेलं पीठ घेऊ नको. पावसाळ्यात त्याला बुरशी लवकर धरते आणि दर नवरात्रात कुठून तरी विषबाधेची बातमी येतेच.

नागलीचं वेगळं सांगायला हवं. बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारात मी मुद्दाम जातो. पेठ-सुरगाण्याकडची नागली मिळते, लालसर, बारीक. तांदळात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, पण १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. आई ती रात्रभर भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, वाळवते आणि मंद भाजून दळून आणते. मोड आणल्याने त्यातले घटक अंगी लागायला मदत होते. या पिठाची ताकातली आंबील आमच्याकडे आता चहाच्या जागी आली आहे. म्हणजे बाबांच्या चहाच्या जागी. माझा चहा कोणी काढून घेणार नाही. भाकरी थापायची असेल तर पीठ उकळत्या पाण्यात उकडून घे, नाहीतर तव्यावर जाईपर्यंत तुकडे.

आता जे जमत नाही तेही सांगतो, नाहीतर तू म्हणशील सुध्या नुसता प्रवचन देतो.

बटाटेवडा आप्पेपात्रात होत नाही. जे होतं ते चांगलं लागतं, पण तो वडा नसतो, आणि त्याला वडा म्हणून वाढलं की खाणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. वडा तळूनच खायचा, क्वचित, एक, पावाशिवाय. तळल्यावर उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं नाही.

पुरणपोळीचंही तेच. आई खापरावर मांडे करते तेव्हा ती काय करते हे बघत बसायचं, सल्ला द्यायचा नाही. साखरेऐवजी गूळ घातला की पोळी पथ्याची झाली, असं सध्या जो तो म्हणतो. गुळातही मुख्यतः साखरच असते रे. खनिजं असतात, पण एवढीशी. तुझ्या रक्ताला त्या दोन्हींत फार फरक दिसणार नाही. होळीला एक मांडा खा, कटाची आमटी भरपूर घे, भात सोड आणि जेवून चालायला जा. आमच्याकडे बाबांसाठी असंच ठरलंय. वर्षातून दोनदा-तीनदा होणाऱ्या पदार्थाला सुधारत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. खरं नुकसान रोजच्या जेवणात होतं, कारण आपण सणाचं तेल रोजच्या भाजीत आणून ठेवलं. परवाच भोगी झाली. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वांगं, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, पावटे घातलेली मिसळीची भाजी. यात कोणी काय सुधारणार?

म्हणून आधी एक हिशेब कर. महिन्याला तुमच्या घरात तेल किती लागतं ते वहिनींना विचार. समज चार माणसं आणि ५ लिटर. म्हणजे माणशी दिवसाला चाळीस मिलीच्या वर, आठ चहाचे चमचे. नुसत्या तेलाच्या जवळपास साडेतीनशे कॅलरी झाल्या, त्यात बाहेरचं खाणं धरलंच नाही. आम्ही पहिल्यांदा मोजलं तेव्हा आई तासभर माझ्याशी बोलली नव्हती. मग तिनेच तेलाच्या भांड्यातली मोठी पळी काढून चहाचा चमचा टाकला. बाकी कुठलीही युक्ती न करता त्या एका चमच्याने आमचं तेल कितीतरी उतरलं.

चिवड्याचं विसरलोच. पातळ पोहे उन्हात वाळवून कोरडे भाजायचे, फोडणी वेगळी करून वरून. खोबऱ्याचे काप आणि लसूण कमी करू नकोस, तीच त्याची जान. तळलेला कांदा मात्र बाद. उन्हाळ्यात आम्ही लासलगावचा कांदा उभा चिरून गच्चीवर वाळवतो, तो चमचाभर तेलात परतला की झालं.

आईने तुझ्यासाठी अर्धा किलो काळा मसाला बांधून ठेवलाय. यात मीठ नाही, तिने मुद्दाम घातलं नाही. कुरिअरने पाठवतो, आल्यावर फ्रीजमध्ये ठेव आणि कृपा करून शेजारी देऊ नका. सोबत मोडाच्या नागलीचं पीठही आहे. पहिली आंबील गाठीची झाली तर फोन कर. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग उकळत्या पाण्यात सोडायचं, एवढंच त्यात आहे.

पुढचे रिपोर्ट कधी करायचे म्हणालास? तारीख कळव. त्याआधी एखाद्या शनिवारी इकडे या, बाबा तुझी वाट बघतायत. त्यांना पथ्य पाळणारं अजून कोणीतरी ताटाला लागलेलं हवंय.

वहिनींना नमस्कार, पोरांना तिळगूळ.

तुझा,
सुध्या